जेवल्यावर त्रास होतो? कधी थांबावे, कधी डॉक्टरांकडे जावे



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातील घराघराचे वेळापत्रक बदलते. तोडीची चिठ्ठी कधी येईल याचा भरवसा नाही. टोळी फडात उतरली की वाहन भरून निघेपर्यंत मालकाला बांध सोडवत नाही. रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. मग सकाळची न्याहारी दुपारी, दुपारची भाकरी दिवस मावळताना आणि रात्रीचे जेवण अकरा वाजता. वर दिवसभर चहा, तंबाखू, बिडी. त्यातच लग्नसराई, गावची जत्रा आणि पाहुण्यांच्या घरचे मटण. अशा दिवसांत "जेवलं की पोट फुगतंय", "छातीत जळजळतंय", "खाल्लं की मळमळतंय" या तक्रारी गट ऑफिसात, वजनकाट्याच्या रांगेत आणि चहाच्या टपरीवर आम्ही नेहमी ऐकतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले असते, "गॅस झाला असंल. सोडा घे."

पुष्कळदा हे उत्तर चुकीचे नसते. पण काही वेळा ते जिवावर बेतते. घरी कशावर थांबावे, डॉक्टरांना केव्हा दाखवावे आणि कोणत्या वेळी हातातले काम टाकून तडक निघावे, हे प्रत्येक घरात माहीत असावे, एवढ्यासाठी हा लेख आहे. तपासणी आणि औषध हे डॉक्टरांचेच काम होय.

पोटात काय चालते

खाल्लेले अन्न अन्ननलिकेतून जठरात येते. तिथे ते घुसळले जाते, आंबट रसात भिजते आणि थोडे थोडे करून लहान आतड्यात उतरते. साधे जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण २ ते ४ तास लागतात. तेलकट, तुपकट किंवा मटणाचे जेवण असेल तर त्याहून जास्त. कारखान्याच्या गव्हाणीत एकदम जादा ऊस टाकला तर पुढे मिल तुंबते, तसाच हा प्रकार आहे.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये एक झडप असते. जठरातले आम्ल वर येऊ नये हे तिचे काम. पोट गच्च भरले, कमरेचा पट्टा आवळला किंवा जेवून लगेच आडवे झाले की झडपेवर दाब येतो, आम्ल वर चढते आणि छातीत जळजळते, तोंडाला आंबट पाणी सुटते. बिडी-सिगारेट आणि दारूने ही झडप सैल पडते.

म्हणून पहिला इलाज सवयीचा. झोपण्याआधी २ ते ३ तास जेवण उरकावे. रात्री पाणी पाजायला जायचे असेल तर जाण्यापूर्वी जेवावे. पहाटे परत येऊन पोटभर खाऊन लगेच अंथरूण धरू नये. रात्री जळजळ होत असेल तर खाटेच्या उशाकडच्या दोन पायांखाली ६ ते ८ इंच उंचीचे लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढवून उपयोग होत नाही, त्याने पोट दुमडते आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपल्यास आम्ल कमी वर येते. दिवसभर उपाशी राहून एकदाच तुडुंब खाण्यापेक्षा बांधावर दुपारी एखादी भाकरी खाल्लेली बरी.

काही जणांना दूध प्याल्यावर पोट फुगते, ढाळ होतात. मोठेपणी पुष्कळांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारा पाचकरस कमी होतो, त्याचा हा परिणाम. अशा माणसांना दही-ताक बहुधा सोसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी सुरू झाल्यावरही काहींना मळमळ व जुलाब होतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगून बदल करून घ्यावा.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नये

सवयी सुधारल्या, औषध दुकानातून आम्ल कमी करणारी साधी गोळी घेतली, तरी तक्रार दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा गेली आणि पुन्हा पुन्हा येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. आज खेडोपाडी "सकाळची उपाशीपोटीची गोळी" महिनोन्‌महिने, काही ठिकाणी वर्षानुवर्षे, स्वतःच्या मनाने चालू असते. गोळी वाईट नव्हे. डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी, कारण पाहून देतात. पण स्वतःच्या मनाने घेतलेली गोळी दुखणे झाकून ठेवते आणि आत काय वाढते आहे ते कळायला उशीर होतो. खाण्याच्या सोड्यातही मिठासारखाच सोडियम असतो. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तो रोज घेणे बरे नव्हे.

बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली दुखणे हे जठराच्या किंवा त्यापुढच्या आतड्याच्या जखमेचे, म्हणजे अल्सरचे असू शकते. काहींना खाल्ले की दुखते. काहींना खाल्ल्यावर बरे वाटते आणि मग दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री कळ येऊन जाग येते. तिखटाने आणि काळजीने अल्सर होतो, असा पूर्वी सगळ्यांचाच समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात डॉ. बॅरी मार्शल आणि डॉ. रॉबिन वॉरन या दोघांनी १९८२ मध्ये दाखवले, की जठरात राहणारा एक जंतू याला मोठ्या प्रमाणावर कारण आहे. जाणकारांचा विश्वास बसेना, तेव्हा डॉ. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणवून घेतली. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हा जंतू तपासणीत सापडला तर ठरावीक दिवसांच्या औषधाने तो जातो आणि जन्मभर सोडा पीत बसण्याची वेळ येत नाही. मात्र औषधाचा कोर्स अर्धवट सोडू नये.

अल्सरचे दुसरे मोठे कारण आपल्या घरातच असते. गुडघे, कंबर, पाठ दुखते म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. उपाशीपोटी आणि रोज घेतल्या तर त्या जठराचे अस्तर खातात. "अंग मोकळं करणारी" बिननावाची पुडी कोणी देत असेल, तर ती मुळीच घेऊ नये. तिच्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही.

तेलकट-तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली जोराची कळ येऊन ती पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जात असेल आणि अर्धा तास ते काही तास टिकत असेल, तर पित्ताशयात खडे असण्याचा संभव असतो. सोनोग्राफीत ते दिसतात. त्यासोबत थंडीताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दारू पिणाऱ्या माणसाला वरच्या पोटात असह्य कळ येऊन ती आरपार पाठीत जात असेल आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटत असेल, तर ते स्वादुपिंडाला सूज आल्याचे लक्षण असू शकते. हे दुखणे घरी काढायचे नव्हे. पोटदुखी बेंबीभोवती सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकली तर अपेंडिक्सची शंका घ्यावी.

पुढील लक्षणांना दोन आठवड्यांची सवलतही नाही. घास गिळताना अडकणे, भूक मरणे आणि वजन उतरणे, म्हणजे पट्ट्याचे भोक आपोआप मागे सरकणे, दोन घासांतच पोट भरणे, वारंवार उलटी, रक्त कमी होऊन धाप लागणे, पोटात गाठ लागणे. तसेच चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर आयुष्यात प्रथमच अशी तक्रार सुरू झाली तर उशीर करू नये. डॉक्टर दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात, तिला भिऊ नये. कर्करोग असलाच तर तो लवकर सापडण्यात रोग्याचे हित असते.

'गॅस' नव्हे, हृदय

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा वरच्या पोटात जडपणा, मळमळ, ढेकर अशा रूपाने येतो. जेवणानंतर पचनासाठी हृदयाला जादा काम पडते, म्हणून भरपेट जेवून चढ चढताना किंवा ओझे उचलताना दुखणे वर येऊ शकते. छाती दाबल्यासारखी किंवा आवळल्यासारखी वाटणे, दरदरून थंड घाम, धाप, दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणे, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काही असेल तर सोडा पिऊन वाट पाहू नये. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांना छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. नुसता घाम, थकवा आणि मळमळ एवढेच दिसते.

अशा वेळी स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. १०८ क्रमांकावर फोन करावा. राज्यात ही रुग्णवाहिका २०१४ पासून चालू आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ती यायला वेळ लागणार असेल तर दुसऱ्याने गाडीतून, जिथे ईसीजी निघतो अशा दवाखान्यात न्यावे. हृदयाची रक्तवाहिनी मोकळी करण्याचा इलाज जितका लवकर तितके हृदय वाचते. ईसीजीत काही निघाले नाही तर गेला एक हेलपाटा. शेतकऱ्याला त्याहून मोठे हेलपाटे माहीत आहेत.

पंगतीनंतरच्या उलट्या-जुलाब आणि आपली साखर

पंगतीत जेवून आल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा अन्नात जंतूंचे विष तयार झालेले असते. उघडी राहिलेली बासुंदी, पेढे, दुपारपासून पातेल्यात राहिलेला भात ही त्याची नेहमीची ठिकाणे. भातातले हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून शिजवलेला भात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. एकाच पंगतीतले अनेक जण आजारी पडले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि मीठ गेल्याने. यावरचा सर्वांत मोठा इलाज साखरेच्या जोडीने सापडला आहे, हे आपल्या सभासदांना आवर्जून सांगावेसे वाटते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांकरवी पाजायला सुरुवात केली. त्याआधी शंभरातील सुमारे ३० रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातले मर्म असे, की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. नुसते पाणी तसे शोषले जात नाही. आपण पिकवतो त्या उसाची साखर पोटात फुटते तेव्हा तिच्यातून हेच ग्लुकोज निघते.

ओआरएसची पुडी आरोग्य केंद्रात आणि औषध दुकानात मिळते. १ लिटरची पुडी असेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यातच ती पुरी विरघळवावी. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप वाढवू नये. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झाले तर मुलांना धोका असतो. घोट घोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा पाजावे. तान्ह्या मुलाचे अंगावरचे दूध बंद करू नये. लहान मुलांना जस्ताची गोळी सुद्धा देतात, ती आरोग्य केंद्रातून मापाने घ्यावी. शौचातून रक्त पडणे, ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, जीभ सुकणे, डोळे खोल जाणे, पाजलेले काहीच न टिकणे, ग्लानी यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

फवारणीनंतरची भाकरी

फवारणी करता करता बांधावर बसून, नुसता हात झटकून भाकरी खाणारे अजूनही दिसतात. खाल्ल्यावर मळमळले की दोष कालवणाला देतात. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, उलट्या, पोटात मुरडा, अंधुक दिसणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू थरथरणे ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. कपडे काढून अंग साबणाने धुवावे. मिठाचे पाणी पाजून किंवा बोटे घालून उलटी करवू नये. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठावा, कारण उतारा कोणता द्यायचा हे त्यावरून ठरते. तणनाशक पोटात गेल्याची शंका असेल तर माणूस बरा दिसत असला तरी थांबू नये. काही तणनाशकांचा परिणाम दिवसांनी दिसतो आणि तेव्हा इलाज हाती राहत नाही.

"तोड झाली की बघू"

माहिती असूनही माणसे का थांबतात? गावोगावचा संवाद एकच असतो.

"अहो, दोन दिस झालं, जेवलं की छातीला हात लावून बसताय. जाऊन या की दवाखान्यात."

"अगं, टोळी फडात हाय. आज गाडी भरून जाऊ दे, उद्या बघू."

उद्या दुसऱ्या प्लॉटची चिठ्ठी येते. परवा खोडव्याला पाणी. तोडलेला ऊस २४ तासांत गाळला नाही तर उतारा पडतो, हे आपल्याला पाठ आहे आणि त्यासाठी आपण रात्रभर वाहनाची वाट पाहतो. स्वतःच्या दुखण्याला मात्र महिना महिना ठेवून देतो. तोडीच्या दिवशी फडावर मुलगा, भाऊ, शेजारी उभा राहू शकतो. दवाखान्यात आपल्या जागी दुसरा कोणी चालत नाही.

घरातल्या बाईचे दुखणे तर बोललेच जात नाही. ती शेवटी जेवते, उरलेले खाते, शिळे टाकवत नाही म्हणून संपवते आणि पोट दुखले तर ओवा चावून कामाला लागते. घरच्या पुरुषांनी, सासूबाईंनी तिला आपण होऊन विचारावे. "कुणाची तरी नजर लागली", "खाल्लेलं बाधलं" म्हणून उतारा टाकण्यात किंवा पोटावर बिब्ब्याचे चटके देण्यात जे दिवस जातात, तेच दिवस इलाजाचे असतात.

आणि आपल्या फडात राबणाऱ्या तोडणी कामगारांना विसरून चालणार नाही. आजारी पडले तर खाडा पडेल, उचल फिटणार नाही, या भीतीने ती माणसे दुखणे अंगावर काढतात. ज्याच्या शेतात टोळी आहे त्या सभासदाने पिण्याला स्वच्छ पाणी द्यावे, कोपीवर ओआरएसच्या चार पुड्या ठेवाव्यात आणि रात्री-अपरात्री गरज पडली तर आपली गाडी काढावी.

ताबडतोब निघा

१. छाती दाबल्यासारखी वाटणे, घाम, धाप, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे.
२. उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखे काळपट पडणे.
३. डांबरासारखी काळी, चिकट शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण शंका असेल तर दाखवावे.)
४. पोट फळीसारखे कडक होणे, असह्य कळ, शौच आणि वारा दोन्ही बंद होणे.
५. डोळे पिवळे होऊन थंडीताप आणि पोटदुखी.
६. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी येऊन श्वास कोंडणे.
७. फवारणीनंतर लाळ, उलट्या, थरथर.
८. जुलाबात ग्लानी किंवा लघवी बंद होणे.

दवाखान्यात जाताना

उसाच्या नोंदीसाठी आपण लागणीची तारीख, जात, क्षेत्र सांगतो, तशीच दुखण्याची नोंद एका कागदावर करावी. त्रास केव्हापासून आहे, जेवणाआधी होतो की नंतर, किती वेळाने आणि नेमका कुठे, कशाने वाढतो, शौचाचा रंग कसा, वजन किती उतरले. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, वैदूचे चूर्णसुद्धा, बरोबर न्यावे. दारू-तंबाखूचे खरे सांगावे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ असावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतात, मोठा इलाज निघाल्यास योजनेत काय बसते ते त्यांना विचारावे.

हा लेख घरात सर्वांनी वाचावा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा आणि वरची आठ लक्षणे कागदावर लिहून चुलीजवळच्या भिंतीला लावावीत. ज्यांच्या घरात कोणी महिनाभर "गॅसची" गोळी खात आहे, त्यांनी तोडीची पुढची चिठ्ठी येण्याआधी, याच आठवड्यात, त्या माणसाला डॉक्टरांकडे घेऊन जावे, ही आमची सर्व सभासदांना विनंती आहे.